दारूकोठाराची किल्ली



भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला इतिहासावर बोलायला बोलावले म्हणजे तो राजगड-तोरण्यावर बोलणार, हे आपण गृहीतच धरले असेल. मीही गडापासूनच सुरुवात करणार आहे. पण आज मला जे सांगावयाचे आहे ते जरा निराळे, आणि खरे सांगायचे तर थोडे अप्रिय आहे. शाळकरी वयाच्या मुलाच्या हातात हत्यार येते आणि ते शाळेच्या आवारातच चालते, असे का होते. आणि तसे होऊ घातले असेल तर आपण मोठ्यांनी काय करावे, हा आजचा विषय.

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. एका शाळेची सहल राजगडावर चालली होती. मी आता निवृत्त झालो आहे. पण गडावर इतिहास सांगायला मला अजून बोलावतात, आणि पाय चालताहेत तोवर मीही जातो. गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाजाने आम्ही पद्मावती माचीवर चढलो. तळ्याकाठी मुलांनी डबे सोडले. खाणेपिणे झाल्यावर मी त्यांना माचीवरचे दारूकोठार दाखवायला नेले. दारू म्हणताच मुले हसतात, हे ठरलेलेच आहे. तोफा-बंदुकांची दारू, असे सांगावे लागते. सांगून झाल्यावर नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, इथं एवढी दारू, एवढ्या बंदुका. मग गडावरची पोरं कधी घेऊन पळाली नाहीत?"

बाकीची मुले पुन्हा हसली. तो हसत नव्हता. चार-आठ दिवसांपूर्वीच मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यातून बातमी आली होती : बारावीतल्या विद्यार्थ्याने शाळेतच प्राचार्यांना गोळी घातली आणि ते जागीच गेले. ६ डिसेंबरची ती घटना. मुलांनी ती मोबाइलवर पाहिली होती. अशा बातम्या आता मोठ्यांच्या आधी मुलांना कळतात.

मी त्या वेळी काहीतरी वेळ मारून नेणारे उत्तर दिले. गड उतरताना मात्र तो प्रश्न माझ्या मागे मागे येत होता, आणि उत्तर तर माझ्या घरी कपाटात होते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेले आज्ञापत्र मी वर्षानुवर्षे शिकवले. त्यात गडावरच्या दारूखान्याविषयी काय आहे? दारूखाना घरांच्या जवळ नसावा. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा शिक्कामोर्तब करून ठेवावे. राखणीला माणसे असावीत, त्यांनी रात्रंदिवस जागावे, आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देऊ नये.

आता पाहा, या सगळ्या नियमांत पोरांविषयी एक अक्षर नाही. पोर कसले आहे, चांगल्या घरचे की वाईट, शांत की तापट, याची चौकशी नाही. नियम आहे तो दारूवर आणि दारू राखणाऱ्यावर. शिवाय गडाचा कारभारही एकट्या माणसाच्या हाती दिलेला नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत अशी जबाबदारी वाटलेली असे, म्हणजे एकाची बुद्धी फिरली तरी गड जाऊ नये. माणूस चुकणार, हे धरूनच ही व्यवस्था बांधलेली होती. मला यात फार मोठे शहाणपण दिसते.

कोणी म्हणेल, अहो, पण त्या काळी तर सोळा वर्षांच्या पोराच्या कमरेला तलवार असे. खरे आहे. तोरणा हाती आला तेव्हा महाराजांचेच वय सोळा-सतराचे होते. शाळेत हे सांगितले की मुलांच्या छात्या फुगतात, आणि फुगाव्यातच. पण मी त्यांना पुढचेही सांगतो. त्या सोळा वर्षांच्या मुलावर जिजाऊसाहेबांची नजर होती. त्याच्या बरोबर कारीच्या कान्होजी जेध्यांसारखी पिकलेली माणसे होती. हत्यार होते, पण ते एकट्या पोराचे, उशाखाली लपवलेले नव्हते. चारचौघांत दिलेले, चारचौघांनी पाहिलेले होते. लपवलेले हत्यार आणि दिसणारे हत्यार यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पुढे इंग्रजी राज्य आले. आमच्या भोरजवळ उत्रोळीला १८३१ च्या डिसेंबरात उमाजी नाईक पकडले गेले, आणि १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांना फाशी झाली. १८७८ साली हत्यारांचा कायदा आला, गावोगावची हत्यारे परवान्याखाली आली. कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले. योगायोग असा की हे फडके पुण्यात शाळा काढणाऱ्यांपैकी एक. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. म्हणजे शाळा आणि शस्त्र यांची आपल्याकडची ओळख तशी जुनी आहे.

आणि शाळा-कॉलेजातल्या मुलाच्या हातून आपल्या पुण्यातच गोळी सुटली, तो दिवसही इतिहासात नोंदलेला आहे. २२ जुलै १९३१. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेज पाहायला आले होते. वाडिया ग्रंथालयात ते पोचले तेव्हा वासुदेव बळवंत गोगटे नावाचा विशीतला विद्यार्थी पुढे झाला आणि त्याने त्यांच्यावर अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले. गोगटे जागीच पकडले गेले. पुस्तकांच्या कपाटांमध्ये, जिथे मोठ्याने बोललेही जात नाही अशा जागी, हा प्रकार झाला.

का झाला? त्याचे कारण पुण्यात नव्हते, सोलापुरात होते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी देण्यात आले. त्या वेळी सरकारात गृहखाते होते हॉटसन यांच्याकडे. सहा महिन्यांनी तेच गृहस्थ पाहुणे म्हणून कॉलेजात येतात, त्यांचे स्वागत होते, आणि वर्गातल्या एका मुलाच्या पोटात ते सोलापूर तसेच जळत असते. दहा पावलांवर असलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे याचा स्वागत करणाऱ्यांना पत्ता नसतो. एक शिक्षक म्हणून या घटनेत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्यावर रागावून कोणी रेडिओ बंद करील. गोगट्यांना, किंवा १९०९ साली नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांना, आजच्या शाळांतल्या गोळीबारांच्या रांगेत बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांच्यापुढे परकी सत्ता होती, आणि तिचा अधिकारी होता. त्यांनी वर्गमित्रांवर हत्यार उगारले नाही. हेतूंत काहीच साम्य नाही. तरीपण दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. एक अशी, की हात अठरा-वीस वर्षांचा असला तरी पिस्तूल नेहमी मोठ्यांच्या जगातून येते. नाशिकचे पिस्तूल सातासमुद्रापलीकडून, लंडनहून आले होते. दुसरी अशी, की पोरवयाच्या हातून गोळी सुटण्याच्या भीतीने सरकारने त्या काळी काय केले, ते आपल्याला नीट ठाऊक आहे. आणि त्याचे फळ काय मिळाले, तेही ठाऊक आहे.

सरकार घाबरले, आणि त्याने सगळ्याच मुलांवर संशय घेतला. १९०७ साली रिस्ले साहेबांचे परिपत्रक निघाले. विद्यार्थी चळवळीत दिसले तर शाळेचे अनुदान जाईल, शिष्यवृत्त्या जातील, अशी धमकी त्यात होती. शिक्षकाने शिक्षक राहावे की पोलीस व्हावे, असा प्रश्न उभा राहिला. विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय १९१० साली सरकारने बंदच करून टाकले. इतके केले तरी एकवीस वर्षांनी फर्ग्युसनमध्ये गोळी सुटायची ती सुटलीच. ज्या शाळेत मूल शिक्षकाशी मोकळेपणाने बोलू शकत नाही, त्या शाळेतल्या मुलाच्या मनाचा ठाव कोणाला लागणार? रिस्ले साहेबांच्या परिपत्रकाने बोलणे थांबले. विचार थांबले नाहीत.

गोगट्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातून सुटल्यावर ते सार्वजनिक जीवनात आले, पुण्याचे महापौर झाले, विधान परिषदेत गेले. लोक त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणत. विशीत बंदूक चालवलेल्या मुलाचे आयुष्य तिथेच संपले नाही. गुन्हेगार मुलाला मोठ्यांसारखी शिक्षा द्या, कायमचा आत टाका, असे ज्यांना वाटते त्यांनी याचाही विचार करावा. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांत, बाल न्याय मंडळाने तपासणी केल्यावर, मोठ्यांप्रमाणे खटला चालवण्याची सोय केलेलीच आहे. पण ती सोय गोळी सुटल्यानंतरची आहे. मला बोलायचे आहे ते गोळी सुटण्यापूर्वीचे.

त्यासाठी थोडे दूर जावे लागेल, कारण या दुखण्याचा सर्वांत जास्त अनुभव अमेरिकेला आहे. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन गावच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा मुले आणि एक शिक्षक यांना ठार केले आणि मग स्वतःला संपवले. त्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने – म्हणजे अध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या खात्याने – शिक्षणखात्याबरोबर एक अभ्यास केला. १९७४ ते २००० पर्यंतच्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर मुले त्यांनी तपासली, आणि २००२ साली अहवाल दिला. त्यातले आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत. शेकडा ८१ घटनांत निदान एका माणसाला तरी आधी कल्पना होती. शेकडा ५९ घटनांत एकाहून अधिकांना होती. आणि ज्यांना कल्पना होती ते बहुतेक सगळे त्या मुलाच्याच बरोबरीचे : मित्र, वर्गबंधू, भावंडे. हल्लेखोरांपैकी शेकडा ७१ जणांना आपला छळ होतो आहे, आपल्याला टोचले जाते, असे वाटत होते. आणि शेकडा ६८ जणांनी बंदूक आणली होती ती स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. असा मुलगा ओळखावा कसा, याचे एक ठरावीक चित्र त्यांना सापडले नाही. काही हुशार होते, काही नापास होणारे. काही एकलकोंडे होते, काहींना मित्रांचा गराडा होता. तेव्हा 'मुलगा दिसायला कसा आहे' या प्रश्नाला अर्थ नाही. 'त्याला काय बोचते आहे, तो काय बोलतो आहे, आणि त्याच्या घरी काय उघड्यावर पडले आहे' हे प्रश्न खरे.

हे आपल्याकडेही तंतोतंत लागू पडते. ११ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीजवळ गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या दोघा मुलांनी वर्गातल्याच मुलाला गोळ्या घातल्या. पिस्तूल एकाच्या वडिलांचे होते. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या यमुनानगरला बारावीतल्या मुलाने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. ते रिव्हॉल्व्हरही वडिलांचेच, आणि परवान्याचे. म्हणजे कायद्याने सारे ठीक होते. परवाना होता, शिक्का होता. नव्हते ते एक कुलूप.

मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड गावची हकीकत तर प्रत्येक पालकसभेत सांगावी अशी आहे. २०२१ सालच्या नोव्हेंबरात एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलासाठी पिस्तूल विकत आणले. चार दिवसांनी, ३० नोव्हेंबरला सकाळी, शिक्षिकेला त्या मुलाच्या कागदावर बंदुकीचे आणि रक्ताचे चित्र दिसले. शाळेने तातडीने आईबापांना बोलावले. ते आले, बोलणे झाले, आणि मुलाला शाळेतच ठेवून ते निघून गेले. घरी पिस्तूल आणले आहे हे त्यांनी सांगितले नाही. दप्तर कोणी पाहिले नाही. दोन-तीन तासांत चार मुले मेली. २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने आई आणि बाप दोघांनाही दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. किल्ली ज्याच्याकडे असायला हवी त्याच्याकडे जबाबदारी, हे अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेले तत्त्व अमेरिकेच्या कोर्टाला तेव्हा कुठे सापडले.

आमच्या खोऱ्यात बंदुका फारशा नाहीत, हे भाग्यच. रानडुकरे पीक फस्त करतात म्हणून एखाद्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असायची. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आज एकवीस वर्षांखालच्या माणसाला परवाना मिळत नाही. पण वाशाला टांगलेल्या बंदुकीला पोराचे वय विचारता येत नाही. आमच्याकडचे घरोघरचे हत्यार मात्र वेगळेच आहे : कोयता. लाकूडफाटा असो, गवत असो, कुंपणाच्या काट्या असोत, त्याच्याविना वेल्ह्यातला शेतकरी बांधाबाहेर पडत नाही. हाच कोयता २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात पोरासोरांच्या हातात दिसू लागला, आणि वर्तमानपत्रांनी 'कोयता गँग' असे नाव काढले. गावाकडच्या म्हाताऱ्यांना ते नाव ऐकून फार वाईट वाटले. आमच्या अवजाराला बट्टा लागला, असे एक जण मला म्हणाले. त्यांचे खरे होते. त्या पकडलेल्यांत अठरा वर्षांखालची मुलेही होती. कोयत्याला परवाना लावता येत नाही, आणि लावूही नये. मग उरतो तो एकच उपाय : ज्याच्या दप्तरात तो जाऊ शकतो त्या मुलाकडे लक्ष ठेवणे. आता मला माझे स्वतःचे एक सांगितले पाहिजे.

बरीच वर्षे झाली. एका शाळेत मी आठवीला इतिहास शिकवीत होतो. शाळेचे नाव सांगत नाही. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला एक मुलगा त्या वर्षी आमच्याकडे आला. एसटी चुकली की त्याला उशीर व्हायचा, आणि एसटी बहुधा चुकायचीच. वर्गातली पोरे त्याला 'डोंगऱ्या' म्हणत. त्याच्या चपला लपवत, डबा उघडून नाचणीची भाकरी सगळ्यांना दाखवत. हे मला दिसत होते, नव्हते असे नाही. पोरे पोरांची चेष्टा करतात, त्यात काय, असे मी धरून चाललो होतो. उलट एकदा तो उशिरा दाराशी उभा राहिला तेव्हा मीच म्हणालो, "या, या, तोरण्याचे किल्लेदार आले!" वर्ग पोट धरधरून हसला. मलाही आपण काही विनोदी बोललो असे वाटले. त्यानंतर रोज पोरे मुजरा करू लागली.

पावसाळा संपता संपता एके दिवशी त्याच वर्गातला दुसरा मुलगा खडू मागायच्या निमित्ताने शिक्षकांच्या खोलीत आला. खडू घेतला, आणि जाता जाता खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, त्याच्या दप्तरात कोयता हाय." एवढेच, आणि पळाला.

मी तडक वर्गात जायला निघालो होतो. सगळ्यांसमोर दप्तर उपडे करायचे, कानाखाली वाजवायची आणि कोयता मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, एवढे मला सुचले होते. आमच्या शाळेच्या शिपायाने मला दारात अडवले. ते वयाने माझ्याहून वडील. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही हितंच बसा. तुमाला बघून त्यो बिथरंल." आणि स्वतः वर्गाच्या दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली, "चल रं, हौदावर पाणी भरू लाग. दप्तर घिऊनच ये, घंटा हुईल मागाहून." मुलगा आला. दोघांनी खरोखरच पाणी भरले. अर्ध्या तासाने शिपाई माझ्याकडे आले. कोयता त्यांच्या धोतराच्या कमरेला होता. "कुनाला मारनार न्हवता," ते म्हणाले. "पन चार नावं घितली त्यानं. तीन पोरं हाईत. चौथं नाव तुमचं."

शिपायांनी मुलाच्या वडिलांना निरोप धाडला. वडील दोन दिवसांनी आले, पायी आले. कोयता त्यांच्या हाती दिला. आरडाओरडा नाही, पोलीस नाही, शाळेतून नाव काढणे नाही. मी त्या मुलाची माफी मागितली. पण मागितली ती बंद खोलीत. चेष्टा केली होती ती भरल्या वर्गात. ही गोष्ट आजही मला टोचते.

खडू मागायला आलेल्या मुलाचे नाव मात्र मी कधी कोणाला सांगितले नाही. त्याचे कारण आपल्या पुण्याच्या इतिहासातच आहे. १८९७ साली रँडचा वध झाला. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले, द्रविड बंधूंनी माहिती दिली, आणि ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघा भावांना गोळ्या घातल्या. तेव्हापासून आपल्याकडे फितुरीइतके काळे दुसरे काही नाही, आणि पोरांच्या जगात चहाडी म्हणजे फितुरीच. चहाडखोर म्हणवून घेण्यापेक्षा पोरे गप्प राहणे पत्करतात. अमेरिकेतल्या त्या शेकडा ८१ घटनांत ज्यांना माहीत होते, त्यांतले कितीतरी असेच गप्प राहिले. बक्षिसासाठी सांगणे वेगळे, आणि मित्राच्या हातून भलते घडू नये म्हणून सांगणे वेगळे, हा भेद मुलाला कोणीतरी आधी समजावून सांगावा लागतो. सांगितल्यावर त्याचे नाव पोटात ठेवावे लागते. यात एकदा शब्द मोडला की त्या शाळेत पुढची दहा वर्षे कोणी खडू मागायला येत नाही.

बाकीचे उपाय आपण वाचतच असतो. दरवाजात यंत्रे बसवा, दप्तरे तपासा, पहारेकरी ठेवा. शहरातल्या मोठ्या शाळांना जे परवडेल ते त्यांनी जरूर करावे. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत सोळा लहान मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा तिथे प्रौढ माणूस होता, आणि त्याच्या बंदुका परवान्याच्या होत्या. दुसऱ्याच वर्षी त्या देशाने खाजगी पिस्तुलांवर बंदी घातली. हा उपाय दारूखान्याच्या जातीचा आहे, म्हणून मला तो पटतो. आपल्याकडे परवानाधारकाने हत्यार सुरक्षित ठेवावे अशी अट २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. पण अट कागदावर असते आणि बंदूक कपाटात. आज्ञापत्रातला हवालदार आठ-पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन पाहत असे. तसे जाऊन पाहणारा आपल्याकडे कोण आहे? परवानाधारक बापाने आज रात्री घरी गेल्यावर स्वतःच हवालदार होऊन कुलूप ओढून पाहिले, तरी पुष्कळ झाले.

शिक्षकांविषयीही बोललेच पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. मारणे बरेच कमी झाले, हे मी पाहतो. पण 'तोरण्याचे किल्लेदार' हे मारण्यात मोडते की छळण्यात, हे ठरवायला कलम पुरत नाही. टोमणा मारणाऱ्याला तो संध्याकाळी आठवतही नाही. ज्याला बसतो तो रात्री उशाला घेऊन झोपतो.

त्या राजगडाच्या सहलीनंतर काही महिन्यांनी मी आमच्या भागातल्या एका शाळेत गेलो होतो. हल्ली शाळांतून तक्रारपेट्या लावलेल्या असतात. मुलाने मनातले चिठ्ठीवर लिहावे आणि पेटीत टाकावे, कल्पना फार चांगली. व्हरांड्यात मला ती पेटी दिसली. रंग उडालेला, कुलूप गंजलेले. किल्ली कोणाकडे आहे असे मी विचारले. मुख्याध्यापकांनी कारकुनाला विचारले, कारकुनाने शिपायाला. किल्ली पूर्वीच्या सरांकडे होती, आणि त्यांची बदली होऊन दोन वर्षे झाली होती. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी तिथल्या तिथे दगडाने कुलूप तोडायला लावले. आत गोळ्या-चॉकलेटचे कागद होते, मेलेली एक पाल होती, आणि चार घड्या केलेली एक चिठ्ठी होती. पावसाचे पाणी शिरून शाई पसरली होती. वरच्या दोन ओळी लागेनात. खाली एवढे वाचता आले, की मला सहावीच्या वर्गात बसायचे नाही, सर, माझी जागा बदला.

सहावीतली ती मुले त्या वर्षी आठवीत गेली होती.